रीफ टँकमधल्या गोगलगायी पुन्हा पुन्हा का मरतात: लक्षणं ओळखा, मग क्रमाने तपासा

काचेवरचं आणि दगडांवरचं शेवाळ खायला दहा गोगलगायी सोडायच्या, महिन्याभरात दोन उरायच्या, मग पुन्हा दहा आणायच्या. खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवलेल्या टँकमध्ये (रीफ टँक) हे चक्र वर्षानुवर्षं चालतं, कारण मेलेल्या गोगलगायीचा पंचनामा कोणी करत नाही. मासा मेला तर सगळं घर टँकपाशी जमतं. गोगलगाय मेली तर शंख वाळूत लोळत राहतो आणि ठपका 'पाणी खराब असेल' म्हणून नायट्रेटवर येतो. प्रत्यक्षात नायट्रेट २०-३० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असलेल्या टँकमध्येही ट्रोकस जातीच्या गोगलगायी धडधाकट राहतात. खरे गुन्हेगार बहुतेक वेळा तीनच: खारटपणातला झटका, उपासमार आणि उलटं पडणं. तिन्ही जवळजवळ फुकटात तपासता येतात, म्हणून महागडी टेस्ट किट उघडण्याआधी ती तपासा.

लक्षणं: किती दिवसांनी मेल्या?

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वेळ. नवीन गोगलगायी कोणत्या तारखेला सोडल्या आणि कोणत्या तारखेला गेल्या, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

– सोडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मृत्यू, किंवा सोडलेल्या जागेवरून हललीच नाही: खारटपणातला फरक.
– तीन ते आठ आठवड्यांत एकेक करून गळती, काच मात्र लख्ख: उपासमार. गार पाण्यातली जात असेल तर तापमान.
– सकाळी रोज एखादी वाळूवर उलटी: तिला सुलटं होता येत नाही किंवा अंगात ताकद उरलेली नाही.
– शंख रिकामा, आतून स्वच्छ: कोणीतरी खाल्लं. किंवा ती आधीच मेली आणि टँकमधल्या सफाई कामगारांनी (खेकडे, किडे) आवरलं.
– वर्षभर जगलेल्या गोगलगायी एका आठवड्यात धडाधड गेल्या: विष, तांबं, डायनो (विषारी सूक्ष्म शेवाळ, तपासणी ७) किंवा टॉप-अप यंत्रणेतला (उडालेलं पाणी भरून काढणारी) बिघाड.
– गोगलगायी ठीक, पण कोळंबी आणि हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) आधी गेले: घरात कीटकनाशक फवारलं का, ते विचारा.
– शंखाचं टोक खडूसारखं पांढरं, खड्डे पडलेलं: अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) आणि पीएच.

दिवसभर एका कोपऱ्यात चिकटून बसणं हे लक्षण नाही. बऱ्याच जाती रात्री चरतात. नेराइट जातीची गोगलगाय पाण्याच्या रेषेवर किंवा त्याच्याही वर जाऊन बसते, कारण ती मूळची भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली. टँकला झाकण नसेल तर ती सोफ्याखाली सापडेल, इतकंच.

तपासणी १: ती खरंच मेली आहे का?

खर्च शून्य. गोगलगाय उचला आणि शंखाच्या तोंडाशी असलेल्या झाकणाला हलकेच बोट लावा. झाकण आत ओढलं गेलं तर ती जिवंत आहे. अंग बाहेर लोंबतंय आणि स्पर्शाला प्रतिसाद नाही, तर नाकाजवळ न्या. मेलेल्या गोगलगायीच्या वासाबद्दल शंका उरत नाही. तरीही खात्री नसेल तर टँकच्याच पाण्याने भरलेल्या वाटीत तासभर सुलटी ठेवा.

ही तपासणी पहिली, कारण मेलेली गोगलगाय टँकमध्ये राहू देणं महागात पडतं. ६० लिटरच्या टँकमध्ये सुपारीपेक्षा मोठी टर्बो जातीची गोगलगाय कुजली तर अमोनिया वाढतो आणि बाकीच्याही जातात. मग मूळ कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हेच कळेनासं होतं. मेलेली लगेच काढा, अमोनिया तपासा. शून्य नसेल तर २५ टक्के पाणी त्याच दिवशी बदला.

तपासणी २: उलटी पडते का, आणि जात कुठली?

अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय सपाट वाळूवर पाठीवर पडली तर तिला बहुधा स्वतःहून उठता येत नाही. ती तशीच उपाशी राहते, नाहीतर हर्मिट खेकडा तिला गाठतो. ट्रोकस मात्र पाय लांबवून सुलटी होते. दोघींचा शंख शंकूसारखा असल्याने दुकानात सरमिसळ होते. तुमच्या टँकमध्ये वाळूचा मोठा मोकळा पट्टा असेल तर अ‍ॅस्ट्रिया आणूच नका. ट्रोकस आणि सेरिथ या जाती घ्या. अ‍ॅस्ट्रिया आधीच असतील तर सकाळ-संध्याकाळ टँकवर नजर टाकून सुलट्या करायचं काम तुमचं.

एक चाचणी इथेच करून घ्या. धडधाकट ट्रोकस वाळूवर उलटी ठेवली तर काही मिनिटांत हालचाल सुरू करते आणि थोड्या वेळात सुलटी होते. अर्धा-पाऊण तास गेला तरी प्रयत्नच नाही, तर ती अशक्त आहे. तिला हाताने सुलटी करा आणि पुढच्या दोन तपासण्या नीट करा.

सोडतानाही वरून टाकू नका. हाताने दगडावर किंवा काचेवर पाय टेकवून ठेवा.

तपासणी ३: खारटपणा, आणि तो मोजणारं यंत्र

इथे घाई करू नका. पहिल्या ४८ तासांतले बहुतेक मृत्यू इथेच सापडतात.

मासा शरीरातलं मीठ आणि पाणी काही प्रमाणात सांभाळू शकतो. समुद्री गोगलगायीकडे ती सोय नाही. तिच्या अंगातला द्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारट असतो. पाणी अचानक जास्त खारट झालं तर पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, कमी झालं तर पेशी फुगतात. समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. मीठ वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला पुष्कळ दुकानदार टँक १.०१८ ते १.०२० वर चालवतात. तिथली गोगलगाय पिशवी तरंगवून वीस मिनिटांत तुमच्या १.०२६ च्या पाण्यात सोडली, तर तिची अवस्था लोणच्यातल्या फोडीसारखी होते.

आधी यंत्र तपासा. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला किंवा क्षार साचले की सर्रास चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) चांगला, पण तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावला तर ३५ च्या आसपास बरोबर दाखवेलच असं नाही. तो ३५ पीपीटीच्या द्रावणावरच लावा. विकतचं द्रावण नसेल तर घरी करा: ७३ ग्रॅम साधं मीठ आणि १९२७ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर हे नीट मोजता येतं. हे वजनाने ३.६५ टक्के द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. आयोडीनयुक्त मीठ चालतं. मापनाचं काम झालं की हे पाणी फेकून द्या. टँकमध्ये घालायचं नाही.

आता दुकानातल्या पिशवीतलं पाणी मोजा. फरक ०.००२ पेक्षा जास्त असेल तर थेंब पद्धत वापरा, ती अशी: गोगलगायी पिशवीतल्या अर्धा लिटर पाण्यासह स्वच्छ बादलीत ठेवा. एअर पंपाची बारीक नळी टँकमधून खाली सोडा आणि गाठ मारून किंवा व्हॉल्व्ह लावून सेकंदाला तीन थेंबांवर आणा. तासाभरात साधारण अर्धा लिटर पडतं, म्हणजे पाणी दुप्पट होतं. अर्धं ओतून टाका, पुन्हा तासभर. १.०१९ वरून सुरुवात केली तर पहिल्या तासाला १.०२२ च्या पुढे, दुसऱ्याला १.०२४, तिसऱ्याला १.०२५. तीन तास लागतात, आणि ते द्यावेत. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. त्यात दुकानातलं तांब्याचं औषध असू शकतं.

गोगलगायी कुरिअरने येऊन चोवीस तास पिशवीत राहिल्या असतील तर गोष्ट वेगळी. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी विक्रेत्याला खारटपणा आधीच विचारा, तेवढ्याच खारटपणाचं ताजं पाणी तयार ठेवा, पिशवी उघडताच गोगलगायी त्यात हलवा आणि मग थेंब सुरू करा.

जुन्या गोगलगायी मरत असतील तर उलट दिशेने बघा: बाष्पीभवन. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टँकची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे चार लिटर गोडं पाणी उडालं. एप्रिल-मे महिन्यात पंखा लावलेल्या टँकमध्ये हे एका दिवसाचं काम आहे. दगड-वाळू वजा जाता टँकमध्ये १५० लिटर पाणी असेल आणि तीन दिवस गावाला गेलात, तर ३५ चं ३८ पीपीटी होतं. परत आल्यावर घाबरून बारा लिटर पाणी एकदम ओतणं हा दुसरा झटका. दोन-तीन लिटरचे हप्ते करून दिवसभरात भरा.

तपासणी ४: पोटाला आहे का?

गोगलगायी मरायला लागल्या तेव्हा काच आणि दगड स्वच्छ होते का? हो असेल, तर त्या यशस्वी होऊन मेल्या. नवीन टँकमध्ये सुरुवातीला तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतात, मग हिरवं शेवाळ. ते बघून लोक दर चार लिटरला एक या हिशोबाने गोगलगायी आणतात. सहा आठवड्यांत खाणं संपतं आणि मग महिन्याभरात संख्या आपोआप 'योग्य' होते. विक्रेत्याचा तक्ता जास्तच सांगतो, त्याला विकायच्या आहेत. सुरुवात २० लिटरला एक या प्रमाणात करा आणि काच चार दिवसांतच हिरवी होत असेल तरच वाढवा. मोठी टर्बो एकटी तीन-चार ट्रोकसइतकं खाते, त्यामुळे १०० लिटरच्या आतल्या टँकला ती नकोच. शिवाय ती दगडांवर चिकटवलेलं सगळं पाडते.

उपाशी गोगलगाय उचलल्यावर हलकी लागते, पाय बारीक दिसतो, अंग शंखात खोल गेलेलं असतं. उपाय स्वस्त आहे. सुशीची बिनमसाल्याची नोरी घ्या. तेल, मीठ, तीळ लावलेली नको. पाच सेंटिमीटरचा चौकोन रबर बँडने दगडाला बांधा, दिवे बंद झाल्यावर गोगलगायींजवळ ठेवा, उरलेलं सकाळी काढा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दुसरी, जास्त चांगली पद्धत: पाणी बदलताना निघालेलं खारं पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवा आणि त्यात चार-पाच छोटे दगड टाका. त्यांच्यावर हिरवा थर आला की दर आठवड्याला एक दगड टँकमध्ये, एक बाहेर.

लांब केसासारखं शेवाळ आणि लालसर-जांभळा सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) थर गोगलगायी सहसा खात नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. टँक शेवाळाने भरलेला असूनही गोगलगाय उपाशी मरू शकते ती यामुळेच. केसाळ शेवाळ आधी हाताने उपटा. उरलेले खुंट त्या चरतात.

तपासणी ५: तापमान

साध्या थर्मामीटरने दुपारी तीनला आणि पहाटे मोजा. २४ ते २७ अंश सेल्सियस ठीक. २९ च्या पुढे पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि गोगलगायीची भूक वाढते, म्हणजे उपासमार लवकर. पंखा पुणे-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन ते चार अंश उतरवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होत असल्याने तेवढा भरवसा नाही, तिथे एसी किंवा चिलर लागतो. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच.

अमेरिकेत टँक ठेवणाऱ्यांसाठी: तिथे मार्गारिटा नावाने विकली जाणारी गोगलगाय उत्तर पॅसिफिकच्या गार पाण्यातली आहे. रीफ टँकमध्ये ती काही आठवड्यांची पाहुणी. मेक्सिकन टर्बोही कॅलिफोर्नियाच्या आखातातली, २७-२८ अंशांना तिचं आयुष्य घटतं. जात चुकली असेल तर कुठलाही उपाय चालणार नाही.

तपासणी ६: रात्री टॉर्च

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल सेलोफेन लावलेला टॉर्च घेऊन बघा. हर्मिट खेकडे शंखासाठी गोगलगाय मारतात. प्रत्येक हर्मिटमागे दोन-तीन थोडे मोठे रिकामे शंख ठेवा, तरीही थांबलं नाही तर हर्मिट काढा. पफर, ट्रिगर, हॉगफिश आणि मोठे रास मासे असतील तर गोगलगायी म्हणजे खाऊच. शंखाच्या कडेला किंवा झाकणाजवळ तांदळाच्या कणीएवढ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर त्या पिरॅमिडेलिड, म्हणजे परजीवी गोगलगायी. सोंड खुपसून द्रव शोषतात. जुन्या टूथब्रशने टँकबाहेर वाटीत झाडा, आठवडाभर रोज. ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडा) मेलेल्या शंखात सापडतो म्हणून त्याला फासावर चढवू नका. तो नंतर आलेला असतो.

तपासणी ७: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणाऱ्या तारा

दुपारी वाढणारा आणि रात्री विरळ होणारा तपकिरी चिकट थर, त्यात अडकलेले बुडबुडे, आणि त्याच वेळी गोगलगायी सुस्त: डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता दाट. यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात आणि तो थर खाणाऱ्या गोगलगायी मरतात. चाचणी: थराचा नमुना बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, गाळलेलं पाणी उजेडात तासभर ठेवा. पुन्हा तंतू जमले तर डायनो. डायटम सहसा असे जमत नाहीत. हे बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आलेल्या 'अतिस्वच्छ' टँकमध्ये होतं. तेव्हा फॉस्फेट शोषक काढा, खाणं थोडं वाढवा, गोगलगायी दुसऱ्या टँकमध्ये हलवा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही (पाणी अतिनील प्रकाशातून नेणारं यंत्र) चालतो. वाळूतच राहणाऱ्या जातींवर नाही.

तपासणी ८: अल्कलिनिटी, मॅग्नेशियम

अल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४००–४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५०–१४०० पीपीएम. शंख झिजत असेल तर अल्कलिनिटी आणि पीएच आधी. ब्रायोप्सिस हे चिवट शेवाळ मारायला मॅग्नेशियम १६०० च्या वर नेलं असेल आणि गोगलगायी लोळायला लागल्या असतील, तर कोडं सुटलं: समुद्री गोगलगायींना बधिर करायला प्रयोगशाळेत मॅग्नेशियम क्लोराइडच वापरतात. पाणी बदलत हळूहळू खाली आणा.

तपासणी ९: तांबं आणि इतर विष

हे शेवटी, कारण सिद्ध करायला अवघड आणि निस्तरायला त्याहून अवघड. तीन वाटा तपासा. पहिली: टँक सेकंडहँड आहे का? कधी त्यात तांब्याचं औषध घातलं होतं का? चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. दुसरी: टॉप-अपचं पाणी. घरचा पिण्याचा आरओ इथे चालत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलं जातं, आणि हल्ली तर तांबं मुद्दाम सोडणारं काडतूसही असतं. माणसाला चालणारं ते पाणी रोज दोन-चार लिटर टँकमध्ये जातं, पाणी उडतं आणि तांबं मागे राहतं. आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं) घ्या आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य ठेवा. तिसरी: सम्पमधला (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतला) पितळी नळ, गंजलेला क्लिप, काच साफ करायचा फुटलेला चुंबक.

टेस्ट किटने शून्य दाखवलं म्हणजे सुटलो असं नाही. किटला दिसण्याइतकं होण्याआधीच गोगलगायींना त्रास सुरू होतो. पॉलिफिल्टरसारखं पॅड सम्पमध्ये ठेवा. ते निळसर झालं तर तांबं आहे. कीटकनाशकाचा संशय असेल तर ३० टक्के पाणी बदला आणि २०० लिटरला एक कप ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन प्रवाहात ठेवा.

कुठे थांबायचं

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झिणझिण्या जाणवल्या, तर तपासणी तिथेच बंद. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर किंवा पॉवरहेड (पाण्यातला प्रवाहाचा पंप) स्वतः उघडू नका. टँकच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हेही त्याच्याकडून बघून घ्या.

पॅड निळं झालं, पॅड आणि कार्बन दोनदा बदलूनही गोगलगायी मरताहेत, तर अंदाजाने औषधं ओतू नका. पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला (पाण्यातले धातू मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवा आणि समुद्री टँकचा अनुभव असलेल्या देखभालवाल्याला बोलवा. गोड्या पाण्यातल्या माशांचाच अनुभव असलेला उपयोगाचा नाही. आकडा चढा आला तर दगड-वाळू टाकून देण्याचा निर्णय घ्यावा लागतो, तो दुसऱ्या जाणकाराला दाखवूनच घ्या. मासेही धापा टाकायला लागले, तर त्याच दिवशी बोलवा.

दगड निर्जंतुक करायला उकळू नका. त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांसारखे मऊ जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरू शकतं. खोकला, धाप, छातीत घट्टपणा आला तर लगेच रुग्णालय, आणि काय उकळलं ते डॉक्टरांना सांगा.

मेलेल्यांची भरपाई करायला किनाऱ्यावरून गोगलगायी किंवा दगड उचलून आणू नका. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, तसंच ट्रोकस आणि टर्बोच्या काही मोठ्या जातीही. आणि आपल्या किनाऱ्यावर सापडणारा सुंदर नक्षीचा कोन शंख डंख मारतो.

कारण सापडून दुरुस्त झालं तरी दहा गोगलगायी एकदम नकोत. दोन ट्रोकस आणा, तीन तास थेंब, तारीख कॅलेंडरवर. तीन आठवड्यांनी दोन्ही उलटी-सुलटीच्या चाचणीत पास झाल्या, तर पुढच्या चार घ्या.